नळ दारात, सांडपाणी तळ्यात

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली आणि ग्रामीण भागात माणशी रोज किमान ५५ लिटर नळाचे पाणी देण्याचे उद्दिष्ट ठरले. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे दोनतृतीयांश सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे हजार वस्तीच्या गावात रोज पस्तीस हजार लिटरच्या आसपास. ते जिरवायचे कुठे?

ग्रामपंचायतींचा आवडता उपाय म्हणजे सिमेंटची नाली. नाली गावाच्या टोकाला संपते, पाणी संपत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानपट्ट्यात उताराखाली बहुधा बोडी किंवा मामा तलाव असतो. साबण आणि खरकटे तिथे उतरले की बेशरम माजते नि मासळी घटते.

गडचिरोली म्हटले की मलेरिया आठवतो. पण त्याचा डास ओढ्याच्या, भातखाचराच्या तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो. तुंबलेली नाली आवडते ती क्युलेक्सला, आणि हत्तीरोग पसरवणारा डास तोच. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगग्रस्त. रोग हटवण्यासाठी गोळ्या खाऊ घालण्याच्या मोहिमा निघतात; डासांचे घर मात्र सरकारी निधीतूनच बांधले जाते!

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्यांची गरजच संपवली. छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडविटांचे तुकडे, वर झाकण. डासाला अंडी घालायला उघडे पाणीच उरत नाही. रोजगार हमीतून ही पद्धत पुढे नांदेडभर पसरली.

तिची हुबेहूब नक्कल झाडीपट्टीत चालणार नाही. श्रावण-भाद्रपदात येथे भूजल इतके वर येते की खड्ड्यात पाणी जिरण्याऐवजी उलट भरते, आणि विहीर जवळ असल्यास तीही नासते. खड्डा उथळ नि विहिरीपासून दूर हवा. सखल वस्तीला गावाबाहेर, बोडीच्या अलीकडे, स्थिरीकरण तळे हवे. त्याहून सोपी वाट घरामागच्या सांदवाडीत आहे. न्हाणीचे पाणी केळी, पपई, अळूला दिले तर उन्हाळ्यातही हिरवे राहील. संडासाचे पाणी मात्र वेगळेच ठेवावे लागेल.

पैशाची सबब पुरेशी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेलाच बांधून दिली होती. नालीला कंत्राटदार असतो, उद्घाटन असते. शोषखड्ड्याला दोन्ही नसते. त्याला लागतो तो गाळ काढणारा हात, आणि त्या हाताच्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच दिसते.