वादळ चुकलं, इशारा नाही

मैत्रिणींनो, वादळ दुसरीकडे वळलं की ‘उगाच घाबरवलं’ असं आपण सहज म्हणतो. वेस्ट इंडीजमधल्या बार्बुडा बेटाची हकिगत मात्र वेगळंच सांगते.

६ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे अटलांटिकवरून आलेलं ‘इर्मा’ वादळ थेट या बेटावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८५ किलोमीटर! बहुतेक घरं मोडली, दोन वर्षांचं एक लेकरू दगावलं. लोक सावरतात न सावरतात तोच मागून ‘होजे’ वादळ येताना दिसलं. मायामीचं हरिकेन केंद्र त्याचा माग घेतच होतं. सरकारने बेटावरच्या सुमारे अठराशे लोकांना शेजारच्या, व्हिव्ह रिचर्ड्सच्या अँटिग्वा बेटावर हलवलं. ‘होजे’ मात्र बाजूने निघून गेलं.

मग हलवणं वाया गेलं का? मुळीच नाही. नकाशावरचा तो पसरट पट्टा म्हणजे वादळाचं केंद्र कुठे कुठे जाऊ शकेल याचा अंदाज असतो, ठरलेला रस्ता नव्हे. आणि डोक्यावर छप्परच नसेल, तर बाजूने जाणारं वादळही जिवावर बेतू शकतं.

खरा प्रश्न पुढचा होता. कित्येक कुटुंबांना महिनोन्‌महिने घरी परतता आलं नाही. परक्या जागी चूल मांडणं काय असतं, ते बाईलाच ठाऊक! म्हणून इशाऱ्याबरोबर निवारा हवा आणि परतीची वाटही.