मांजरांविरुद्ध अर्ज

साताऱ्यातील एका जुन्या पेठेतल्या काही गृहस्थांनी गल्लीतील मांजरांचा बंदोबस्त व्हावा, ती धरून गावाबाहेर नेऊन सोडावीत, अशा मजकुराचा एक अर्ज तयार केला असून, माझी मार्जारजातीविषयीची आस्था या सदराच्या वाचकांना पुरेपूर ठाऊक असल्यामुळे त्यांतील एकाने त्या अर्जाची नक्कल ‘आपले मत कळवावे’ या विनंतीसह मजकडे सांगलीस धाडली आहे. अर्जास कारण असे घडले की, गल्लीतल्या एका घरी मुलांसाठी पाळलेल्या पांढऱ्या सशांपैकी एक सकाळी पिंजऱ्यात मरून पडलेला आढळला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, परंतु आदल्या रात्री पिंजऱ्याच्या छतावर एक बोका बसलेला शेजाऱ्यांनी पाहिला होता. अर्ज मी दोनदा वाचला. त्या मुलांच्या दुःखाविषयी मला खरीखुरी सहानुभूती वाटली आणि अर्जदारांचा तितकाच खराखुरा राग आला.

बोक्यावरील आरोप निराधार नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील मॅक्वारी बेटावर खलाशांनी आणून सोडलेली मांजरे शतकभर मुख्यतः सशांवरच जगली. आंधळी आणि केसविरहित अशी जन्मणारी पाळीव सशाची पिल्ले मांजरापुढे सर्वस्वी असहाय असतात, आणि किलो-सव्वा किलोचा लहान जातीचा ससाही फारसा निराळा नसतो. चार किलोंचा धिप्पाड नर मात्र पुष्कळदा मांजरासमोर ठाम उभा राहतो. दातांचा निसटता चावाही क्षुल्लक मानू नये, कारण मांजराच्या तोंडातील जंतू त्या बारीक पण खोल छिद्रातून आत जाऊन विष पसरवितात. परंतु स्पर्शावाचूनही मृत्यू ओढवतो. सशाचा अस्थिपंजर त्याच्या वजनाच्या जेमतेम आठ टक्के, तर मांजराचा बारा-तेरा टक्के. इतक्या हलक्या हाडांच्या प्राण्याने भयभीत होऊन बंद जागेत मागच्या पायांचा जोरकस झटका दिला, तर त्याचाच कणा मोडतो. तेवढे न झाले तरी भीतीने तो खाणे टाकतो, आणि अर्धा दिवस अन्न पोटात गेले नाही की त्याचे आतडे थंडावते.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी ढोलीच्या मालकीचा आपला कज्जा नदीतीरावर तपस्व्याचे सोंग घेऊन बसलेल्या मांजराकडे नेतात व दोघेही त्याच्या भक्ष्यस्थानी पडतात, ही कथा आपण सर्वांनी बाळपणी ऐकलेली आहे. तेव्हा मांजर सशाचा वैरी आहे हे अर्जदारांस नव्याने कळले असेल, असे मानण्याचे कारण नाही. मग ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी सशासाठी काय केले, हा माझा सवाल आहे.

मागील महिन्यात साताऱ्यास बहिणीकडे गेलो असता शेजारच्या घरी असाच एक पिंजरा मी बारकाईने पाहिला. गॅलरीच्या फरशीवर तो टेकलेला होता. चारही बाजूंना कोंबड्यांसाठी मिळते ती पातळ, षटकोनी छिद्रांची जाळी, जिच्यातून मांजराचा पंजा सहज आत जातो. तळालाही तारच, त्यामुळे सशाच्या टाचा सोलवटलेल्या. दाराला कडीऐवजी सुतळीची गाठ. लपावयास एखादे खोके नाही. आणि दुपारी दोननंतर पश्चिमेचे ऊन थेट अंगावर. मी उभा असताना समोरच्या भिंतीवरून एक भाटी शांतपणे चालत गेली. तिने पिंजऱ्याकडे पाहिलेही नाही, पण सशाने मागचा पाय तळावर दाणकन आपटला, मान आखडली आणि कोपऱ्यात अंग चोरून तो इतका निश्चल बसला की केवळ नाकपुड्यांच्या थरथरीवरून त्याचा जीव शाबूत असल्याचे समजत होते. घरच्या मंडळींना त्या आपटण्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ‘रुसतो तो असा मधूनमधून,’ असे मुलाने मला कौतुकाने सांगितले.

निसर्गाने सशाला नखे, विष वा शिंगे यांपैकी काहीच उपयोगी शस्त्र दिले नाही. दिले ते चौफेर पाहणारे डोळे आणि पळणारे पाय. ज्या क्षणी आपण त्याला पिंजऱ्यात घालतो, त्या क्षणी त्याची ही एकमेव संरक्षणव्यवस्था आपण जप्त करतो. डोळे मात्र तसेच राहतात, म्हणजे शत्रू दिसतो आणि पळता येत नाही. जप्ती करणाऱ्याने जप्त मालाची हिफाजत केली पाहिजे, हा साध्या दिवाणी न्यायाचा दंडक येथे लागू होत नाही काय? बारीक चौकोनांची वेल्डमेश, सुतळीऐवजी बोल्ट, जमिनीपासून मांडीइतकी उंची, एका बाजूस फळ्यांचे बंदिस्त खण, तळाशी गवताची गादी, आणि रात्री पिंजरा घरात. एवढ्या तजविजीला लागणारा खर्च मुलाच्या एका वाढदिवसाहून अधिक येत नाही. तीसच्या वर पारा गेला की ससा कासावीस होतो, आणि आमच्या सांगलीत तर एप्रिलात तो चाळिसाला भिडतो. त्या दिवसांत या मुक्या जीवाला बोक्यापेक्षा आपल्या पत्र्याच्या छपराचे भय अधिक आहे.

मांजरे हलवून काय साधेल? एका गल्लीतील चार मांजरे नेली की शेजारच्या गल्लीतील चार त्या मोकळ्या हद्दीत येतात, आणि मधल्या काळात उंदीर येतात, जे सशाच्या नवजात पिल्लांना कुरतडण्यात मांजराहून मागे नाहीत. सांगलीच्या हळदीच्या आणि गुळाच्या वखारींतील कोणत्याही जुन्या दिवाणजीस मांजराची योग्यता विचारावी. मांजर हातून मेल्यास सोन्याचे मांजर करून काशीस दान द्यावे लागते, असे आमच्या आजीच्या पिढीतील बायका मानीत. त्या समजुतीत शेजारधर्म होता. ती समजूत आता उरली नसली तरी प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अस्तित्वात आहे, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत दुधात काही कालवून ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात डोकावला असल्यास त्याने तो तत्काळ सोडावा.

सशांच्या दुर्दैवाविषयी लिहावयास बसलो की माझे मन गॅलरीतून निघून उसाच्या फडात जाते, कारण आमच्या कृष्णाकाठी ससा आणि मांजर यांची खरी गाठ तेथे पडते. वाळवा, पलूस, कराडकडील गावांत तोड सुरू झाली की पाचटातून कधी रानमांजराची, ज्याला काही लोक बाऊल म्हणतात त्याची, पिल्ले निघतात, तर कधी रानसशाची. रानमांजराची पिल्ले बिबट्याची समजून गावभर पळापळ होते. वास्तविक बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर ठिपक्यांची नक्षी असते आणि याच्या अंगावर फिकट पट्टे, जे वाढत्या वयाबरोबर पुसट होतात. हे जनावर प्रामुख्याने उंदरांवर जगते आणि अधूनमधून ससाही मारते, म्हणजे उसाचे बुडखे कुरतडणाऱ्यांचा परस्पर निकाल लावून ते शेतकऱ्याचे कामच करीत असते.

रानसशाच्या पिल्लाची गोष्ट याहून मला लागते. पिंजऱ्यातील पांढरा ससा मूळचा युरोपचा, बिळे खणणारा. आपला काळ्या मानेचा रानससा बीळ करीत नाही, गवतात अंगाएवढा खळगा करून पडून राहतो, आणि त्याची पिल्ले जन्मतःच उघड्या डोळ्यांची व केसाळ असतात. शत्रूला वासावरून माग लागू नये म्हणून आई दिवसभर त्यांच्याकडे फिरकत नाही. अंधार पडू लागल्यावर एकदा येते, पाजते आणि निघून जाते. कोयता थांबतो, पाचटात मुठीएवढे पिल्लू एकटे दिसते, आणि टोळीतला एखादा दयाळू माणूस ‘आई सोडून गेली वाटतं’ म्हणून ते ओंजळीत उचलतो. मग ते तोडकऱ्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, तेथून बागाईतदाराच्या मुलाकडे, तेथून शहरातील एखाद्या नातेवाइकाच्या गॅलरीत जाते, गाईच्या दुधाने त्याचे पोट बिघडते, आणि ते मरते. त्यास मारणारा कोणी बोका नसतो. उचलणाऱ्याच्या मनात करुणाच असते, म्हणून हे मृत्यू मला अधिक सलतात. रानससा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट त्या साखळीतील कोणाच्याही कानावर गेलेली नसते.

म्हणून साताऱ्याच्या त्या वाचकास मी पत्राने पिंजऱ्याचे माप कळविले असून, उरलेले लिहिणे साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांस उद्देशून आहे. गळीत हंगाम सुरू होताना प्रत्येक मुकादमास इतकेच सांगावे: फडात सशाचे पिल्लू दिसले तर तेवढी सरी त्या दिवशी सोडून द्यावी, किंवा अगदीच अडले तर बांधालगतच्या गवतात, जवळच, सावलीला ठेवावे, माणसाचा हात लागला म्हणून आई त्यास टाकते ही समजूत खोटी आहे. रानमांजराची वा बिबट्याची पिल्ले निघाली तर तोड थांबवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ते लोक पिल्ले त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि बहुधा रात्रीत आई येऊन ती उचलून नेते. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय रोज फडावर जातोच. तोडीच्या पाळीबरोबर हाही निरोप त्याने टोळीस द्यावा.