डबल डेकर ती डबल डेकर!

‘डबल डेकर ती डबल डेकर! रंग लाल, मजले दोन. त्यात आणखी बघायचं काय?’ असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही.

तसा हा माणूस सज्जन असतो. कर्जाचे हप्ते वेळेवर भरतो, लग्नाला सहकुटुंब येतो आणि आहेरही बरा करतो. पण ‘सगळं सारखंच’ हे त्याचं जीवनविषयक तत्त्वज्ञान असतं. हापूस आणि पायरी सारखेच, यमन आणि भूप सारखेच, आणि बस म्हटली की सगळ्याच सारख्या! वर त्याची समजूत अशी, की आपल्याला समदृष्टी लाभली आहे. संतांना ती तपश्चर्येने लाभायची. याला न बघताच लाभली आहे.

माझा पेशा बँकेतला. वीसेक वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहतो आहे. आडनाव तेच, वळण तेच, पण एका सहीतल्या ‘र’ची शेपटी खाली उतरते आणि दुसरीतली अर्ध्यावर थांबते. उद्या मी ‘सह्या काय, सगळ्या सारख्याच’ म्हणून चेक पास करायला लागलो, तर काउंटरवर पहिला हात आपटेल तो हाच सज्जन. म्हणजे स्वतःच्या सहीतली शेपटी बघितली तर ती दक्षता, आणि बसच्या खिडक्या मोजल्या तर तो रिकामटेकडेपणा!

आता आपल्या घरांतले शोकेस बघा. संगमरवरी ताजमहाल आणि कन्याकुमारीचा शंख यांच्या मधोमध कुणीतरी लंडनहून आणलेली एक इवलीशी लाल बस असते. पाहुणा ती उचलतो आणि गहिवरून म्हणतो, ‘अरे वा, आपली जुनी बेस्ट!’ आपली कसली? ती लंडनची रूटमास्टर. बेस्टच्या ताफ्यात ती कधी नव्हती. मग दुसरा, लंडन पाहून आलेला पाहुणा पहिल्याची कीव करतो आणि स्वतः मात्र १९५० सालच्या लंडनच्या फोटोतल्या प्रत्येक बसला रूटमास्टर म्हणतो. रूटमास्टरचा पहिला नमुनाच मुळी १९५४ चा! फोटोतली बस असते तिची थोरली बहीण, आर.टी.

दोघींना ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. मी बी.कॉम. आहे. दोघींच्याही तोंडाशी उजवीकडे ड्रायव्हरची एकट्याची केबिन आणि डावीकडे इंजिन. पण आर.टी.चा रेडिएटर पुढे उघडा उभा, आणि चाकांवरचे मडगार्ड वेगळे उठून दिसणारे. रूटमास्टरचं तोंड म्हणजे एकसंध काम. रेडिएटर जाळीच्या आड आणि मडगार्ड बॉनेटशी मिळून गेलेलं. डग्लस स्कॉट नावाच्या माणसाने हे रूप घडवण्यात आपली अक्कल खर्च केली. ती एका ‘सारखीच’ शब्दात बुडीत खाती टाकायची?

खरी गंमत आर.टी.च्या घरात आहे. तिथे तीन सख्ख्या बहिणी. ए.ई.सी.च्या सांगाड्यावरची आर.टी., लेलँडच्या सांगाड्यावरची आर.टी.एल. आणि लेलँडचीच आर.टी.डब्ल्यू. सगळ्या मिळून सात हजारांना चव्वेचाळीस कमी. पहिल्या दोघी जुळ्या. फरक मुख्यतः तोंडाचा, म्हणजे रेडिएटरच्या चौकटीचा. तिसरी अंगाने थोराड. पहिल्या दोघींची रुंदी साडेसात फूट, हिची आठ. हसू नका! या सहा इंचांपायी सुरुवातीला तिला मध्य लंडनात फिरायची मनाई होती. पोलिसांना जे सहा इंच दिसले, ते आपल्या सज्जनाला दिसत नाहीत.

आर.टी.तही सगळ्या एका साच्यातल्या नाहीत. आरंभीच्या कित्येकींच्या कपाळाच्या वर, टपावर, मार्ग क्रमांकाची छोटी पेटी असे. पुढे ती गेली. एकशेवीस गाड्यांचं अंग क्रेव्हन्स नावाच्या कारखान्याने बांधलं. इतरांच्या बाजूला खिडक्यांचे चार मोठे खण, तर हिच्या पाच. या वेगळेपणाची तिला चांगलीच किंमत मोजावी लागली. दुरुस्तीचा कारखाना एका मापाच्या गाड्यांसाठी बेतलेला. ही त्यात बसेना. बहिणी पुढे वीस-वीस वर्षं धावल्या, आणि हिला १९५६-५७ च्या सुमारास काढून टाकलं. आमच्या खात्यातही ठरलेल्या फॉर्मात न बसणाऱ्या माणसाची बदली सर्वांत आधी होते.

इथे सज्जन हुशारीने विचारतो, ‘पण त्या ऑल्डनहॅमच्या कारखान्यात तर अंग एका गाडीचं आणि सांगाडा दुसरीचा, अशी अदलाबदल व्हायची ना? मग ओळखता काय, कपाळ?’ प्रश्न बिनतोड आहे. तिथे बस आली की अंग उचलून वेगळं करीत, आणि तिचा क्रमांक तयार असलेल्या दुसऱ्याच गाडीला लावून ती रस्त्यावर पाठवीत. खातं तेच, खातेदार नवा! पण म्हणूनच तर अंग बघायचं. कागद सांगतो हा क्रमांक अमक्या साली आला. टपावरची पेटी सांगते हे अंग कुठल्या पिढीचं. नंबर खोटं बोलू शकतो, खिडक्या बोलत नाहीत. चेकवरचा खाते क्रमांक बरोबर असला, तरी आम्ही सही बघतोच ना!

रूटमास्टरमध्येही दोन प्रकार. साधी आर.एम. चौसष्ट आसनांची, आणि लांब आर.एम.एल. बहात्तरांची. लांबीतला फरक सुमारे अडीच फूट. तो ओळखण्याची खूण शाळकरी पोरालाही जमेल : आर.एम.एल.च्या मधोमध एक अर्धी, आखूड खिडकी घुसवलेली असते. म्हणजे आठ माणसं जास्त बसावीत म्हणून भर घातली, आणि ती कुठे घातली ते लपवलं नाही. इतका प्रामाणिक ताळेबंद मी आजवर पाहिलेला नाही.

‘असेल,’ सज्जन म्हणतो, ‘पण ते लंडन. आपल्याला काय?’

आपल्याला हे, की मुंबईत १९३७ साली डबल डेकर आली, आणि त्या दिवसापासून आपण तिला एकाच नावाने हाक मारतो. १९६७ साली आलेली ट्रेलरवाली आठवते? पुढे ड्रायव्हरचा स्वतंत्र ट्रॅक्टर आणि त्यावर नाक टेकवून मागून येणारा दुमजली डबा. बैल आणि गाडी जितकी वेगळी, तितकी ती अखंड अंगाच्या डबल डेकरहून वेगळी. ती रस्त्यावरून नाहीशी झाली तेव्हा फारसं कुणी हळहळलं नाही, कारण ‘डबल डेकर आहेच की’. २०२३ सालच्या १५ सप्टेंबरला अंधेरी ते सीप्झच्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर जुनी डिझेल डबल डेकर शेवटची धावली, तेव्हा मात्र सगळी मुंबई रडली. त्याच वर्षापासून बंद काचांची, वातानुकूलित, विजेवरची डबल डेकर रस्त्यावर होती. पहिल्या मजल्यावरून तोंडावर येणारा वारा तिच्यात नाही. तरी सज्जनाने डोळे पुसले आणि म्हटलं, ‘चला, डबल डेकर आहेच की!’

माझं भांडण नेमकं इथे आहे. ज्याला फरक दिसत नाही, त्याला काय गेलं तेही कळत नाही. आणि ज्याला गेलेलं कळत नाही, तो उरलेलं जपत नाही. किमान दोन गाड्या जपून ठेवा, अशी मागणी तेव्हा बसप्रेमींनी केली. ती करणारे होते हेच, खिडक्या मोजणारे रिकामटेकडे! मोडीत काढणाऱ्याच्या लेखी सगळ्याच गाड्या सारख्या, कारण भंगाराचा भाव किलोवर असतो. सज्जनाची समदृष्टी आणि भंगारवाल्याची समदृष्टी यांत, खरं सांगायचं तर, सहा इंचांचाही फरक नाही.

तेव्हा रडायला माझी हरकत नाही, मंडळी. पण शोकसभेला जाताना गेलं कोण, एवढी तरी चौकशी करून जावी.