माधवी भाभीच्या पापडांचा हिशोब कोण लिहिणार?



'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका २८ जुलै २००८ ला सुरू झाली. आपल्या नगरमध्येही कितीतरी घरांत जेवणाच्या ताटासोबत गोकुलधाम सोसायटी लावलेली असते. शेजाऱ्यांच्या दोस्तीची ही मालिका. रात्री पुरुषमंडळी अब्दुलच्या दुकानापाशी सोडा पीत बसतात, बायकांचे महिला मंडळ वेगळे. त्या मंडळातल्या एका बाईसाठी मला आज भांडायचे आहे. सोनालिका जोशी यांनी रंगवलेली माधवी भिडे, लोणची-पापडांचा घरगुती व्यवसाय करणारी.

कोणी म्हणेल, विनोदी मालिका आहे, एवढे काय मनावर घ्यायचे? मी घेणार. जेठालालचे दुकान म्हणजे धंदा. तिथे नुकसान झाले की त्यावर कथा चालते. भिडे मास्तर सोसायटीचे सेक्रेटरी, मेंटेनन्सच्या पैशांसाठी ते जेठालालच्या मागे लागतात. मग त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या धंद्याचे काय? मी पाहिलेल्या भागांत माधवीचे आचार-पापड म्हणजे तिची ओळख पटवायची खूण, एवढेच. तिने भाव कसा ठरवला, महिनाअखेर हातात काय उरले, हे मला कुठे दिसले नाही. शिकवणीची फी ती मास्तरांची कमाई, आणि पापडाचे पैसे म्हणजे घराला हातभार!

पण सगळे खापर मालिकावाल्यांवर फोडू नका. आपणही तेच बोलतो. चातुर्मासाआधी उन्हाळ्यात आपल्याकडे किती जणी ऑर्डरचे मुगाचे पापड लाटतात. त्यांना विचारा, काय करता? "काही नाही हो, घरीच असते. जरा टाइमपास." उन्हात गच्चीवर पापड उलटून पाठीचा काटा ढिला होतो, त्याला टाइमपास म्हणायचे?

मी बी.कॉम. आहे, म्हणून साधे उदाहरण मांडते. समजा, एक किलो पापडाला पीठ, मिरे, पापडखार, तेल मिळून १८० रुपये लागले आणि पापड ३५० ला विकले. लगेच म्हणतो, १७० नफा! अहो, दोघी जणी तीन-तीन तास बसल्या, त्याचे काय? सहा तासांना १७० म्हणजे ताशी २८ रुपये. हा नफा नव्हे, मजुरी आहे, तीही अपुरी. गॅस आणि पिशव्या तर अजून धरल्याच नाहीत. वर ओळखीची बाई म्हणते, "घरचेच तर आहे, कमी करा ना!" तीच बाई कापड बाजारात पावती घेऊन पैसे मोजते.

पापडाला धंदा मानले की काय होते, ते लिज्जतने दाखवले. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पहिल्यापासून हिशोब ठेवला. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण असते. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे लाटणे काही आपल्यापेक्षा वेगळे नव्हते, वही होती.

आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आठवतो. त्यांत खोटे तोल, खोटे माप येते. तराजू खोटा नको, मग बाईच्या श्रमाचे माप खोटे कसे चालेल? फुकटात घेतलेले कष्ट हे न दिलेले घेणेच आहे, मग घेणारे घरचे असोत की दारचे.

माधवीची वही मालिकेत कधी उघडेल ती उघडो. तुम्ही मात्र आजच एक शंभर पानी वही आणा. डाव्या बाजूला सामान, उजव्या बाजूला विक्री आणि मध्ये स्वतःचे तास लिहा. पुढच्या ऑर्डरचा भाव त्या वहीत बघून सांगा. कोणी "घरचेच तर आहे" म्हणाले, तर वही पुढे करा.