दर्याची बंदी आणि बाईची पाटी

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा बऱ्याचशा मासळीच्या विणीचा काळ, शिवाय दर्याही खवळलेला. बंदी हवीच, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण तिची किंमत कोण मोजते आणि सरकारदरबारी कोणाची नोंद होते, हे विचारायला हवे.

कासारवाडीपासून समुद्र शंभरावर किलोमीटर दूर. तरी इथे रस्त्याकडेला पाटी मांडून बसणाऱ्या बायांचे पोट त्याच समुद्रावर चालते. पहाटे गणेश पेठेच्या घाऊक बाजारातून बर्फातला माल आणायचा, वाटे लावायचे, कापून साफ करून द्यायचे, आणि संध्याकाळी उरेल तो पडेल त्या भावाने फुंकायचा. जून लागला की बांगडा, सुरमई कमी होते. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला उठते, तिकडचा माल येतो. पण चढ्या भावाचा माल उचलायला हातात भांडवल कुठे असते? मग आंध्रातला रोहू-कटला किंवा उजनीची चिलापी पाटीत येते. गिऱ्हाईक तोंड फिरवते.

यात एक गंमत आहे, अर्थात बघणाऱ्याला. आषाढात, श्रावण लागायच्या आधी, मासळीला सगळ्यात जास्त मागणी; तेव्हा समुद्र बंद. ऑगस्टमध्ये नौका बाहेर पडतात, तेव्हा घरोघरी श्रावण! म्हणजे किनाऱ्यावरची बंदी दोन महिन्यांची, तर पाटीवाल्या बाईची जवळजवळ तीन महिन्यांची. तिसरा महिना कोणत्याच कागदावर नाही.

पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी मदतीची तरतूद आहे. मच्छीमाराने १५०० रुपये भरायचे, सरकारने ३००० घालायचे. तीन महिन्यांना ४५०० रुपये म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा! आणि तेवढेही 'सक्रिय' मच्छीमाराच्या कुटुंबाला. सक्रिय कोण, तर जाळे टाकणारा. ते जाळे रिकामे झाल्यावर मासळी निवडणारी, सुकवणारी, डोक्यावरून वाहणारी, विकणारी बाई निष्क्रिय ठरते काय? किनाऱ्यावरच्या बाईला निदान नवऱ्याच्या नावाने काही मिळेल. शहरातल्या विक्रेतीच्या घरात नौकाच नाही, तिने कोणाच्या नावाने मागायचे?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांच्या सवलती त्यातून येतील. स्वागत आहे. पण शेतीचा अनुभव आपल्याला नवा नाही. शेतात राबते ती, सातबाऱ्यावर नाव त्याचे. त्यामुळे कर्जही त्याला आणि नुकसानभरपाईही त्यालाच. मासेमारीत सातबाऱ्याच्या जागी नौकेची नोंदणी आहे, एवढाच फरक.

बायांना मोजणे अवघड आहे, हे उत्तर तर ऐकूनच घेऊ नये. २०१९ च्या क्यार आणि महा वादळांनी हंगाम बुडाला, त्यासाठी २०२० साली राज्याने मच्छीमारांना मदत जाहीर केली, तेव्हा मासेविक्रेत्या स्त्रियांचाही त्यात विचार झाला होता. इच्छा असली की मोजता येते. आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरातल्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण महापालिकांवर सोपवलेलेच आहे. त्यात मासेविक्रेत्या वेगळ्या नोंदवाव्यात, ती यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडे जावी, आणि बंदीकाळाची मदत नौकेमागे किंवा कुटुंबामागे न देता काम करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. श्रावण धरून. बिनव्याजी भांडवल ऑगस्टअखेर मिळाले तर सावकाराच्या दारात जाण्याची वेळ टळेल.

पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे हाच कायदा सांगतो. तुमच्या शहरातल्या समितीत मासे विकणारी एक तरी आहे का? मैत्रिणींनो, आपापल्या वस्तीतल्या पाटीवाल्यांच्या नावांची यादी मे महिन्याच्या आत करा. जूनमध्ये त्यातल्या कितीतरी जणी धुण्याभांड्यांच्या कामाला लागलेल्या असतील, मग सापडणार नाहीत.