न घडलेल्या गोष्टींची मोजदाद

'आमचा मुलगा फार भिडस्त आहे' हे वाक्य मराठी घरांत क्वचितच तक्रार म्हणून उच्चारले जाते. बहुधा त्यात थोडे कौतुकच असते. मुलींच्या बाबतीत तर 'शालीन', 'मर्यादशील' असे आणखी वजनदार शब्द आपल्या हाताशी आहेत. 'भीड भिकेची बहीण' ही म्हणही आपल्याच भाषेतली. परंतु ती देण्याघेण्याच्या व्यवहारापुरती वापरली जाते. चारचौघांत बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने ज्याचे हातपाय गार पडतात, त्या मुलाला ती कुणी ऐकवत नाही. रोजच्या जगण्यातली सामाजिक चिंता कशी ओळखावी आणि कशी मोजावी, या प्रश्नाची चर्चा आम्हांला येथूनच सुरू करावीशी वाटते. ज्या दुखण्याला समाजाने सद्गुणाचे नाव दिले आहे, त्याचे मोजमाप करणे अधिकच अवघड असते.

मोजमापाचे प्रयत्न तसे जुने आहेत. 1969 साली वॉटसन आणि फ्रेंड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. एकीत लोकांत मिसळताना होणारा त्रास आणि मिसळणे टाळण्याची वृत्ती यांविषयी 28 विधाने होती. दुसरीत इतरांच्या प्रतिकूल मताच्या भीतीविषयी 30. उत्तर 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच द्यायचे. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. पुढे 1987 साली मायकेल लीबोविट्झ यांची मोजपट्टी आली आणि ती जगभर रुळली. तिच्यात 24 प्रसंग आहेत. प्रत्येक प्रसंगी भीती किती वाटते आणि तो प्रसंग किती टाळला जातो, या दोन्हींना 0 ते 3 असे वेगवेगळे गुण द्यायचे. एकूण बेरीज जास्तीत जास्त 144. भीती आणि टाळाटाळ यांचे रकाने वेगळे ठेवणे हा या मोजपट्टीचा मोठाच गुण आहे, आणि त्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

अडचण प्रसंगांच्या निवडीत आहे. मेजवानी देणे, दुकानात घेतलेली वस्तू परत करायला जाणे, गळ्यात पडणाऱ्या विक्रेत्याला नकार देणे हे त्या यादीतले प्रसंग अमेरिकन शहरातल्या माणसाच्या आठवड्यातून घेतलेले आहेत. ते आपल्याकडे अगदीच गैरलागू आहेत असे नाही. पण लग्नात पन्नास बायकांच्या देखत उखाणा घेणे, 'दाखवण्याच्या' कार्यक्रमात पोह्यांची बशी घेऊन बाहेर येणे, तलाठ्यासमोर उभे राहून उताऱ्यातली चूक सांगणे, भरलेल्या शेअर रिक्षात 'इथे थांबवा' असे मोठ्याने म्हणणे, हे प्रसंग त्या यादीत कसे असणार? थांबवा म्हणवत नाही म्हणून पुढच्या थांब्यावर दुसरा कुणी उतरेपर्यंत गप्प बसून राहणारा आणि मग उलट चालत येणारा माणूस आपल्या शहरांत दुर्मीळ नाही. प्रश्नावलीचे केवळ भाषांतर केले तर हा माणूस तिच्यातून सहज निसटतो. भाषांतराआधी प्रसंगांची निवडच येथल्या जगण्यातून व्हायला हवी.

प्रश्नावली आठवणीवर विसंबते, म्हणून काही संशोधकांनी शरीराकडे मोर्चा वळवला. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातून 1993 साली पुढे आलेली चाचणी प्रसिद्ध आहे. थोड्या तयारीनंतर निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करायचे आणि नंतर पाच मिनिटे 1022 मधून 13 वजा करत करत मोठ्याने उतरायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. या काळात नाडीचे ठोके मोजतात, लाळेतले कॉर्टिसॉल तपासतात. ताण शरीरात कसा उमटतो हे यातून उत्तम कळते. मात्र प्रयोगशाळेत आलेल्या माणसाला परीक्षकांसमोर उभे राहणे भागच असते. घरी त्याने काय केले असते, तर बहुधा तो आलाच नसता.

तिसरी पद्धत रोजच्या जगण्याच्या सर्वांत जवळ जाते. 1970 च्या दशकात शिकागो विद्यापीठात चिक्सेंटमिहाय आणि लार्सन यांनी लोकांच्या हाती पेजर दिले. दिवसभरात अवचित तो वाजला की त्या क्षणी आपण कुठे आहोत, कुणाबरोबर आहोत, कसे वाटते आहे, हे लिहायचे. 1994 साली स्टोन आणि शिफमन यांनी अशा क्षणोक्षणीच्या नोंदींच्या पद्धतीला एक व्यापक चौकट दिली. आज पेजरची जागा मोबाइलने घेतली आहे. आठवडाभरानंतर आठवून सांगण्यापेक्षा त्या क्षणी सांगितलेले अधिक खरे असते, हे तर उघडच आहे.

पण सामाजिक चिंतेपुरती या पद्धतीत एक खोच आहे. समजा, एका तरुणीला मैत्रिणीच्या लग्नाला जायचे होते. सकाळपासून पोटात गोळा आला, शेवटी 'डोके दुखते आहे' असा निरोप पाठवून ती घरीच राहिली. संध्याकाळी मोबाइल वाजतो: कुठे आहात? घरी. कसे वाटते आहे? शांत. नोंद खरी आहे, आणि त्या खऱ्या नोंदीने त्या दिवसाची सगळी हकीकत पुसून टाकली आहे. जो जितके अधिक टाळतो, त्याचा आलेख तितका सपाट दिसू शकतो. भीती मोजणारे साधन तेथे नेमके हातात राहत नाही, कारण भीतीचा प्रसंगच येऊ दिलेला नसतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की सामाजिक चिंतेचे खरे माप वाटलेल्या भीतीपेक्षा न घडलेल्या गोष्टींत अधिक सापडते. न विचारलेली शंका, न केलेला फोन, न दिलेली मुलाखत, न मागितलेली बढती: दिवसाच्या अखेरीस ही यादी कुणी करत नाही. अल्बर्ट एलिस यांनी स्वतःविषयी सांगितलेली एक हकीकत येथे आठवते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 1933 साली, स्त्रियांशी बोलण्याची धास्ती घालवण्यासाठी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलू लागले. महिन्याभरात शंभर जणींशी ते बोलले. एकीने भेटण्याचे कबूल केले आणि तीही आली नाही. या गोष्टीतले धाडस सगळे सांगतात. आम्हांला तिच्यातली मोजणी महत्त्वाची वाटते. छाती किती धडधडली याचा आकडा त्यांनी ठेवला नाही, किती जणींशी बोललो याचा ठेवला.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सगळेच टाळणे चिंतेपोटी नसते. कुणाला एकांत प्रिय असतो, कुणाला समारंभांचा कंटाळा असतो. अशांना रोगी ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. आक्षेप मान्य. म्हणून यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा: 'जायचे होते का?' जायचे नव्हते म्हणून जो गेला नाही, तो त्याच्या मर्जीचा मालक आहे. जायचे होते आणि गेला नाही, त्याचा दिवस त्याच्या हातून निसटला आहे. दोघेही घरीच असले तरी त्यांची नोंद एका रकान्यात होता कामा नये.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. 2013 च्या निदानपुस्तिकेनुसार भीती ही प्रत्यक्ष धोक्याच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीच्या मानाने प्रमाणाबाहेर असावी लागते. हे प्रमाण ठरवायचे कुणी? खेड्यातून शहरातल्या महाविद्यालयात आलेला मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणतो, वर्ग हसतो, आणि त्यानंतर तो वर्गात तोंड उघडत नाही. त्याची भीती प्रमाणाबाहेरची आहे काय? जे घडून गेले तेच पुन्हा घडेल असे त्याला वाटते, आणि ते वाटणे अनुभवाला धरून आहे. आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदललेला ज्याने पाहिला आहे, त्याच्या संकोचाबद्दलही हेच म्हणता येईल. मोजपट्टी या मुलांच्या नावावर गुण मांडते. हसणाऱ्या वर्गाच्या नावावर काहीच मांडत नाही. उपचाराची गरज त्या मुलालाही असू शकेल, हे आम्ही नाकारत नाही. परंतु टाळलेल्या गोष्टीपुढे 'कुणामुळे' हा रकाना नसेल, तर ते मूल्यमापन अर्धेच राहील.

शिवाय टाळणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. सुटे पैसे मागावे लागत नाहीत, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, जेवण मागवताना आवाज ऐकू जात नाही, फोनऐवजी संदेश धाडता येतो. या सोयी वाईट नाहीत. मात्र पूर्वी घरच्यांच्या लक्षात येणारी अडचण त्यांच्याआड वर्षानुवर्षे लपून राहू शकते, आणि तोंडी परीक्षेच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी एकदम उघडी पडते.

2015-16 साली निम्हान्सने 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मोठी सर्वेक्षणे व्हायलाच हवीत, आणि निदान हे तज्ज्ञांचेच काम आहे. पण अनोळखी तज्ज्ञासमोर बसून आपल्याविषयी बोलणे, हाच या माणसांना सर्वांत कठीण वाटणाऱ्या प्रसंगांपैकी एक असतो. तेथवर ती पोहोचण्याआधी त्यांना शिक्षक, आईवडील, कार्यालयातले सहकारी रोज पाहत असतात. त्यांनी निदान करू नये. 'तुला यायचे होते का?' एवढे एकट्यात, हळू आवाजात विचारावे, आणि उत्तर 'हो' असे आले तर कौतुकाचा तो 'भिडस्त' शब्द मागे घ्यावा.