माझ्या झोपेचा हिशेब द्या

दोस्तांनो, मी घाबरतो. आधी हेच लिहून टाकतो. मोर्च्यात पहिल्या रांगेत घोषणा देणारा, गोदीत लोखंड उतरवणारा हा पोरगा नालासोपाऱ्याच्या फलाटावर गाडीचे ब्रेक करकरले की खांबाला धरून उभा राहतो. तोंड कोरडं पडतं, हातापायाला मुंग्या येतात, छाती धडधडते. लोक म्हणतात, पिऊन आलाय साला.

पिऊन आलेलो नसतो. मी तेव्हा गोदीत असतो, दोन वर्षांपूर्वीच्या रातपाळीत. स्लिंग तुटते, कॉईल सुटते आणि माझ्या टोळीतला, माझ्याच डब्यातली भाकर खाणारा माणूस तिच्याखाली जातो. क्रेनवाल्याला हात दाखवायला मीच उभा होतो. ठेकेदारानं रक्तावर वाळू टाकली. तासाभरात काम चालू. मुकादम म्हणाला, "चल रे कवी, हात दाखव." मी दाखवला. तेव्हापासून गासला रात्री कुठं टेम्पोतून सळया पडल्या तरी मी ताडकन उठून बसतो.

हे दुखणं सांगायचं कुणाला? आईनं त्रिसरण म्हणायला बसवलं. शेजारच्या मावशीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्या दोघींचा जीव तुटतो, त्यांना काय बोलणार? पण आपल्या छावणीतला एक शहाणा म्हणाला, "ही मध्यमवर्गाची थेरं. लढ्यात उतर, झोप आपोआप लागेल."

त्याला माझा सवाल आहे. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या टोळक्यानं बाहेर काढलं. पुढं महाड झालं, काळाराम झाला, गोलमेज झाली. आणि त्यानंतर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहिताना ते सांगतात की तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेब काय लढ्यात कमी उतरले होते? त्यांना आजार होता असं मी म्हणत नाही. लढणाऱ्यालाही जखम होते, एवढंच म्हणतो. जखम लपवणं म्हणजे क्रांती नव्हे.

गोदीला तर हे जुनंच आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन बोट फुटली. शेकडो माणसं मेली, आगीच्या बंबावरचे ६६ जवान गेले. त्यांची आठवण दर १४ एप्रिलला निघते, निघायलाच पाहिजे. पण त्या दिवशी जो हमाल जिवंत घरी गेला, त्याला पुढं झोप लागली का, हे कुणी विचारलं?

आता औषधाचं बोलू. ईएमडीआर नावाचा एक उपचार आहे. १९८७ साली फ्रॅन्सिन शापिरो या अमेरिकन बाईला बागेत चालताना जाणवलं की डोळे इकडून तिकडे हलले की त्रास देणारा विचार बोथट होतो. १९८९ साली तिनं पहिला अभ्यास छापला. त्यात व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते, बलात्कार सोसलेल्या बाया होत्या. आठवण मनात धरायची आणि समोरच्याच्या बोटामागे डोळे फिरवायचे, किंवा आळीपाळीनं दोन्ही हातांवर टिचक्या घ्यायच्या. आठवण पुसली जात नाही, तिचा डंख उतरतो. डोळे हलवल्यानं बरं वाटतं की नीट धरून आठवल्यानं, यावर तज्ज्ञांची भांडणं आहेत. ती त्यांनी करावीत. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आघातानंतरच्या आजारासाठी या उपचाराची शिफारस केली. नुसत्या चिंतेवर, नुसत्या धास्तीवर मात्र तेवढा पक्का पुरावा नाही. म्हणजे हा गंडादोरा नाही आणि सगळ्या दुखण्यावरचा रामबाणही नाही.

पण हा उपचार मिळवायला गेलो आणि बाजार बघितला.

पहिला भेटला तो स्टेशनजवळच्या गाळ्यात. पाटीवर 'समुपदेशक'. नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाला, "अपघात आठव, बोटाकडे बघ." मी आठवलं. दहा मिनिटांत मी हॅचमध्ये होतो आणि हा घड्याळ बघत होता. बाहेर येऊन गटाराशी ओकलो. जखम उघडायला शिकलेला होता, शिवायला नाही. चार दिवस कामावर गेलो नाही, चार दिवसांचा पगार बुडाला.

दुसरी उपनगरातली. एसी खोली, इंग्रजी फॉर्म, एका बैठकीचे दोन हजार. म्हणजे माझ्या तीन पाळ्या. बाई शिकलेली होती, पद्धत बरोबर होती. आधी मनात एक सुरक्षित जागा पक्की करायची असते, घाबरलं की परत यायला. बाई म्हणाल्या, "डोळे मीट. तुझं गाव आण. देवळाचा पार, विहिरीचं थंड पाणी." मी डोळे उघडले. म्हटलं, "मॅडम, त्याच विहिरीवर माझ्या बापाला मारलंय." बाई गप्प. मग म्हणाल्या, "इथं आपण जातीचं राजकारण नको आणूया."

ऐका दोस्तांनो. बापाच्या पाठीवरचे वळ हे राजकारण, आणि त्यांच्या देवळाचा पार हा निसर्ग! त्यांची शांतता आमच्या मारावर उभी, आणि तीच डोळे मिटून आम्ही आठवायची?

तिसरी भेटली सरकारी दवाखान्यात. रांग, केसपेपर, डॉक्टरची पाच मिनिटं, गोळ्या. डॉक्टर वाईट नव्हता, त्याच्या दारात दोनशे माणसं होती. त्यानं आतल्या खोलीत पाठवलं. तिथं एक तरुण मानसतज्ज्ञ ताई. चार बैठका तिनं अपघाताला हात लावला नाही. झोप, दारू, घर, गोदी, गाव, शाळा, सगळं विचारलं. म्हणाली, "सुरक्षित जागा तू सांग." मी सोपाऱ्याचा स्तूप सांगितला. गासहून जवळ, बुरूड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी, रविवारची दुपार. ती म्हणाली, "चालेल. कधी थांबायचं ते तू ठरव. हात वर केलास की थांबू."

मग आठवणीशी चिकटलेलं वाक्य शोधलं. ते निघालं, 'चूक माझीच.' वाटलं, अपघाताचं असेल. पण त्याच्याखाली शाळा निघाली. मास्तराचा खडू हरवला की न विचारता माझ्या हातावर छडी. 'चूक माझीच' हे मी गोदीत शिकलो नव्हतो दोस्तांनो, चौथीत शिकलो होतो. स्लिंग जुनी होती, ती ठेकेदारानं बदलली नव्हती. हे मला ठाऊक होतं, पण अंगाला त्या खोलीत कळलं. शून्य ते दहाच्या मापावर माझा त्रास नऊ होता, तीनवर आला.

आणि ताईचं कंत्राट संपलं. मी कंत्राटी, माझ्या जखमेला टाके घालणारीही कंत्राटी. टाके अर्धेच राहिले.

म्हणून सांगतो. उपचार घ्यायला जाल तेव्हा मान खाली घालून जाऊ नका. विचारा: शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी दाखवा. ईएमडीआरचं प्रशिक्षण किती दिवसांचं, कुणाच्या देखरेखीखाली? आठ टप्पे सांगा. पहिल्याच दिवशी बोट नाचवणाऱ्याकडून उठा. माझ्या भाषेत बोलाल का, विचारा. जात काढली की ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्या हातात आपली आठवण देऊ नका. आणि गोळ्या चालू असतील तर कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नका. रात्र फारच अंगावर आली तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पण फोनवर आमचं तोंड बंद करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १८ वं कलम म्हणतं, सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि त्यात जातीवरून भेद चालणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनं सांगितलं की चिंता-नैराश्यासारख्या दुखण्यात शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाही. ते ८५ कोण? दोन हजार मोजणारे? नाही. ते आपण.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी दवाखान्यात, गोदीच्या दवाखान्यातही, शिकलेले मानसतज्ज्ञ कायम नोकरीत घ्या. त्यांना जात शिकवा, अभ्यासक्रमात शिकवा. आपल्या वस्तीतल्या पोरापोरींना त्या खुर्चीवर बसवा. आणि ठेकेदाराला सांगा, स्लिंग बदल! डोळे हलवून स्लिंग मजबूत होत नाही. मला बरं करून परत त्याच सडक्या स्लिंगखाली उभं करायचं असेल, तर तो उपचार नाही, ती मालकाची डागडुजी आहे.

मेलेल्याची भरपाई मागायला आपण शिकलो. आता जिवंताच्या झोपेची मागायची.

जय भीम.